दुपट्ट्याखालचं लोणार

लोणार मी पाहिलेलं नाही असं कुणी समजू नये. शाळेच्या सहलीत पाहिलं, लग्नानंतर बायकोला एसटीने नेऊन दाखवलं, आणि पुढे धंद्याच्या निमित्ताने इतक्यांदा गेलो की सरोवराच्या काठावर उभं राहून फोनवर जुन्या ट्रॅक्टरच्या टायरचा भाव पाडणारा माणूस म्हणून तिथले दोन-चार चहावाले मला ओळखतात. पण आमच्या अमडापूरहून सायकलने निघायचं, वाटेत मन लागेल तिथे उतरायचं आणि असं करत करत लोणार गाठायचं, हे मी आणि शेजारच्या उंद्री गावच्या माझ्या दोस्ताने मिळून ठरवलं होतं. मिळून ठरवलं होतं, हे मी मुद्दाम पुन्हा लिहितो. कारण तो माझ्याआधी, मला न सांगता, दुसऱ्याच लोकांबरोबर जाऊन आला. ते मी विसरलेलो नाही. विसरायचा बेतही नाही.

दोस्त म्हणतो खरा, पण आमची सुरुवात समोरासमोर उभं राहून झाली. माझ्या घरी शेतीचा तुकडा नव्हता. बैलबाजारात दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरता धरता मी दलाल झालो. मी विकणाऱ्याच्या बाजूने बोलायचो, तो घेणाऱ्याच्या. त्याच्या वडिलांचं बाजारात दोर आणि घुंगरमाळांचं दुकान होतं, त्यामुळे बैल त्याला लहानपणापासून गळ्याकडून माहीत आणि मला शेपटीकडून. मी त्याला भाई म्हणतो, तो मला भाऊ म्हणतो. चिडलो की दोघेही एकमेकांना ‘बे’ म्हणतो, आणि मी लवकर चिडतो.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोन दलाल एकमेकांचा हात धरतात, वरून दुपट्टा टाकतात आणि आत बोटांनी बोलतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा दाबला तर पाच. भोवती माणसांचा गराडा असतो, पण आत काय चाललंय ते त्या दोघांनाच कळतं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. या कामाचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण आम्ही दोघांनी कधी मोडला नाही. दुपट्ट्याबाहेर काय वाटेल ते बोला, म्हाताऱ्या बैलाला चार दाती, जवान सांगा, त्याच्या आईबापाची तारीफ करा, पण दुपट्ट्याखाली खोटं नाही. तिथे जे बोट धरलं ते धरलं. पटत नसेल तर हात काढून घ्यायचा, एवढी मुभा आहे. हात काढणं म्हणजे नकार. ते खोटं नव्हे.

उमेदीची सगळी वर्षं मी त्याचा हात असा धरला. त्याच्या तळव्यावरचा दोराचा घट्टा मला न बघता माहीत आहे. एकदा भर बाजारात रागाच्या भरात मी त्याचा दुपट्टा शेणात फेकला होता. तो वाकला, दोन बोटांनी दुपट्टा उचलला आणि म्हणाला, “भाऊ, हा आता तुहा झाला.” मी त्याला नवा घेऊन दिला, पण दुकानदाराकडून त्याचाही भाव पाडून.

मग ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाजार विरळ झाला. मी हुशारीने वेळेत बाहेर पडलो आणि जुने ट्रॅक्टर, पेरणीयंत्रं, मोटारपंप यांची घेवदेव सुरू केली. आज अमडापुरात रस्त्याला लागून माझं दुकान आहे, वर घर आहे, आणि यातली एक वीटही कुणी मला फुकट दिलेली नाही. भाईने उंद्रीत वडिलांचं दुकान सांभाळलं. घुंगरांच्या जागी नायलॉनचे दोर आणि ताडपत्र्या आल्या. भेटी कमी झाल्या.

त्या परत सुरू झाल्या त्या सायकलीमुळे. माझ्या छातीत दुखलं, अकोल्याला नेऊन आत स्टेंट बसवला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की रोज चाला नाहीतर सायकल चालवा. चालणं मला जमलं नाही. आमच्या भागात पन्नाशी ओलांडलेला माणूस रस्त्याने पायी दिसला की जो तो गाडी थांबवून विचारतो, काय झालं, बसता का. तब्येतीसाठी चालतोय म्हटलं तर घरी जाऊन सांगतो की शेठचं काही खरं नाही. म्हणून मी खामगावहून सायकल आणली, काळी, उंच, भरभक्कम, पुढे दांडी आणि मागे दूध वाहता येईल असं कॅरियर असलेली. दुकानदार शेवटी म्हणाला, “काका, घेऊन जा, पण परत येऊ नका.” त्याच सुमारास भाईला शुगर निघाली आणि त्याच्या पुण्याच्या मुलाने त्याला गिअरची सायकल पाठवली. तिला त्याने पहिलं काम केलं ते कॅरियर बसवायचं. त्या चकचकीत सायकलवर ते कॅरियर म्हणजे नवरदेवाच्या डोक्यावर गवताचा भारा. पण मला ते आवडलं.

अमडापूर आणि उंद्रीच्या मध्ये एका कडुलिंबाखाली चहाची टपरी आहे. दर रविवारी सकाळी तो तिकडून यायचा, मी इकडून. चहा व्हायचा आणि मग सौदा सुरू व्हायचा. आज कुठवर जायचं? हे तोंडाने बोलण्यात धोका होता, कारण टपरीवर बसलेले सगळे सल्ला द्यायचे. त्या रस्त्याने जाऊ नका, तिकडे कुत्रे आहेत, इकडे खडी पडली आहे, माझ्या साडूकडे जा. म्हणून एका रविवारी भाईने सहज माझ्या हातावर दुपट्टा टाकला आणि एक बोट धरलं. एक म्हणजे पाझर तलाव, हे लगेच ठरलं. दोन म्हणजे त्याच्यापुढचं देऊळ, तीन म्हणजे जंगलाच्या कडेची चौकी. असं करत पूर्ण पंजा राहिला. त्याच्याजोगं जवळपास काही नव्हतं. भाई म्हणाला, “पंजा म्हणजे लोणार.” दोघेही हसलो, आणि तेव्हापासून पंजा म्हणजे लोणार.

त्या रविवारांबद्दल फार सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच मला त्यांच्यात आवडतं. आम्ही सावकाश जायचो. बैलगाडीने आम्हाला मागे टाकलेलं आहे. रस्त्याच्या कडेला सोयाबीन पिवळं पडलेलं, तुरीला फूल आलेलं, कुणाच्या तरी शेतात तुषार-सिंचनाचा फवारा फिरतोय आणि त्याचं पाणी वाऱ्याने रस्त्यावर येतंय. मग आम्ही त्या पाण्यातून मुद्दाम परत एकदा जायचो. एरवी याच रस्त्यांनी मी मोटरसायकलवर उभं आयुष्य फिरलो, पण तेव्हा रस्ता म्हणजे दोन सौद्यांमधली अडचण होती. कोणत्या बांधावर बोरी आहेत, कोणत्या विहिरीवर सुगरणीचे खोपे लोंबतात, कोणत्या वळणावर गुळाच्या पाकासारखा वास येतो, हे मला साठीला आल्यावर कळलं. भाई गाणं म्हणत नाही, पण उतार लागला की तोंडाने घुंगरमाळेचा आवाज काढतो. बैल उतारावर जसा वाजतो तसा. ऐकणाऱ्याला वाटावं मागून जोडी येतेय.

पेरूवालीशी मी घासाघीस करायचो तेव्हा तो लांब जाऊन उभा राहायचा. “मी याच्यासंग नाही, बाई,” असं तिला सांगायचा, आणि मग पेरू मात्र माझ्या पिशवीतला खायचा.

आता त्या दुसऱ्या लोकांबद्दल. चिखलीकडे एक सायकलवाल्यांचा ग्रुप आहे, डॉक्टर, मास्तर, बँकेतले साहेब. अंगाला घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेट, मोबाईलमध्ये वेगाचा हिशेब. माणसं वाईट नाहीत. एकदा ते आमच्या टपरीवर थांबले. त्यातला एक तरुण माझी सायकल निरखून म्हणाला, “काका, ही घरी शोकेसमध्ये ठेवा. हिच्यावर लांब जाता येत नाही.” मी त्याला विचारलं, “तुम्ही कुठवर जाता?” तो म्हणाला, “पुढच्या महिन्यात लोणार.” आणि भाईच्या सायकलकडे बघून म्हणाला, “चाचा, तुमची चालेल. तुम्ही या.”

तुम्ही या. मला नाही, त्याला. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाईने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

इथे अजून एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे माझा राग नुसता मानापमानाचा नव्हता हे कळेल. भाईचा उजवा गुडघा त्या पावसाळ्यात बिघडला. डॉक्टरांनी सांगितलं, थंडी सरली की ऑपरेशन, गुडघा बदलायचा. नंतर सायकल? बघू, म्हणाले. डॉक्टरांचं ‘बघू’ आणि गिऱ्हाइकाचं ‘बघू’ यात मला फरक वाटत नाही. म्हणजे पंजा दाबायचा तर हीच थंडी होती. पुढची असेल की नाही कुणी सांगावं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही, म्हणून आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो.

दिवाळीनंतर मी बायकोच्या माहेरच्या लग्नाला गेलो, एक रविवार चुकला. पुढच्या रविवारी टपरीवर आलो तर भाई आधीच बसलेला. मी त्याच्याकडे न बघता आधी त्याच्या सायकलकडे बघितलं. ही बाजारातली सवय आहे. जनावर कुठून आलं, किती चाललं, हे मालक सांगत नाही, खूर सांगतात. कॅरियर काढलेलं होतं. सीट वर चढवलेली होती. दांडीला पाण्याची बाटली अडकवलेली, नवी.

“कॅरियर कुठी गेलं?” मी विचारलं.

“ढिलं झालतं. काढून ठेवलं.”

“अन् सीट काऊन उंच केली?”

“गुडघ्याले बरं पडते म्हणते.”

“कोण म्हणते?”

तो बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिला. चहा केव्हाच थंड झाला होता.

मी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याच्या हातावर टाकला, आत हात घातला आणि पूर्ण पंजा दाबला. लोणारला जाऊन आलास? टपरीवरचे दोघे-तिघे बघत होते, त्यांना वाटलं नेहमीचं चाललंय. त्याने हात काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने त्याच्या बोटांनी माझा पंजा सावकाश दाबला. घट्टा माझ्या अंगठ्याला लागला.

“कोणासंग?” मी दुपट्ट्याबाहेर विचारलं.

“त्या हेल्मेटवाल्याईसंग. तू लग्नाले गेलता तवा. भाऊ, ऐक त खरी…”

मी ऐकलं नाही. दुपट्टा ओढून घेतला आणि सायकल अमडापूरकडे वळवली. मागून त्याने हाक मारली ती मला ऐकू आली. बाजारात दोन माणसांनी मिळून जोडी घ्यायची ठरवलेली असताना एकाने गुपचूप आदल्या दिवशी जाऊन बैल पाहून येणं, याला आमच्याकडे एकच शब्द आहे, आणि तोही लिहिण्यासारखा नाही.

त्यानंतरचे काही रविवार मी दुकान उघडं ठेवलं. रविवारी कुणी पेरणीयंत्र घ्यायला येत नाही. मी बसून राहायचो. सायकल शटरच्या आत उभी होती, तिच्यावर धूळ बसली तर मी पुसायचो आणि मग पुसली म्हणून स्वतःवर चिडायचो. बायकोने काही दिवस ऐकून घेतलं. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “भाई गेले त गेले. लोणार का उचलून आणलं त्याइनं घरी?”

“तुले नाही समजणार.”

“मले बम समजते. तुम्हाले भाई गेल्याचा राग नाही. तुम्हाले त्या पोट्ट्यानं ‘तुम्ही या’ नाही म्हटलं त्याचा राग हाय. अन् तो काढून राह्यले भाईवर.”

 ताटातली पोळी जाड झालीय, एवढंच मी म्हणालो.

मग आठवडी बाजाराच्या दिवशी भाई स्वतः दुकानात आला, उंद्रीहून सायकलने. मी एका शेतकऱ्याला मोटार दाखवत होतो. भाई सरळ अंगणातल्या एका जुन्या पेरणीयंत्रापाशी गेला, त्याच्याभोवती फिरला, पाठीवर थाप मारावी तशी लोखंडावर थाप मारली, वाकून खालून पाहिलं.

“याचे त दात पडले, बापा,” तो शेतकऱ्याला म्हणाला. “किती वेत झाले याचे?”

शेतकरी हसला. मी हसलो नाही. “तुले नाही विकत मी.”

“मी घेतोच कायले. पाहाले त देशीन?”

“तुले पाहाची लय हौस. आधी पाहून येतं, एकटंच.”

“एकटा कुठी गेलतो, चांगले दहा-बारा होते,” तो म्हणाला, आणि मी काही बोलायच्या आत जवळ येऊन माझ्या हातावर दुपट्टा टाकला. शेतकरी मोटार सोडून बघायला लागला. त्याला वाटलं, यंत्राचा सौदा सुरू झाला.

आत त्याने पंजा दाबला. मी एक बोट धरलं. पाझर तलाव, त्याच्यापुढे नाही. त्याने पुन्हा पंजा दाबला. मी पुन्हा एकच बोट. त्याने पंजा दाबून तसाच धरून ठेवला. त्याचा हात गार होता. थंडीत एवढ्या लांबून आला होता.

“कॅरियर?” मी विचारलं.

“लावलं. बाहेर जाऊन पाह्य.”

“हेल्मेट नाही चालणार.”

“भाऊ, हेल्मेट डोक्यासाठी असते, कोणाच्या पार्टीत जासाठी नाही.”

“मी पुढे राहीन. जठी मी म्हणीन तठी थांबायचं.”

“पुढे राह्य. पण थांबायचं मी म्हणीन तठी. गुडघा माहा हाय.”

यावर बराच वेळ गेला. शेवटी पुढे मी, थांबायचं त्याने, जेवण माझ्या घरचं, रात्रीचा मुक्काम मेहकरला त्याच्या बहिणीकडे, आणि दुसऱ्या दिवशी लोणार, असं ठरलं. मी त्याचा पंजा दाबला. शेतकऱ्याने विचारलं, “झालं का?”

“नाही,” भाई दुपट्टा झटकत म्हणाला. “यंत्र खराब हाय.”

त्या शेतकऱ्याने मग ते यंत्र कधीच घेतलं नाही. तोही हिशेब भाईकडे बाकी आहे.

निघालो तेव्हा धुकं होतं. बायकोने रोडगे आणि वांग्याचं भरीत बांधून दिलं होतं, ते दोन्ही कॅरियरवर वाटून बांधलं. ऊन वर आलं तसे शेताशेतांतून लोक दिसायला लागले, कापूस वेचणाऱ्या बाया, हरभऱ्याला पाणी देणारे गडी. एका बाईने सोललेले हरभऱ्याचे घाटे माझ्या ओंजळीत टाकले आणि मी भाव विचारायच्या आत निघून गेली. भाई मागून म्हणाला, “सवय नाही न, चव नाही लागणार तुले.” एसटीवाल्यांनी हॉर्न दिला, आम्ही हात केला. एका ठिकाणी खिलार बैलांची पांढरी जोडी रस्त्याने येत होती. आम्ही दोघेही न बोलता उतरलो. त्याने एकाचा जबडा उघडला, मी दुसऱ्याच्या मागून फिरून पाय बघितले.

“विकायची नाही,” मालक घाबरून म्हणाला.

“आम्हालेबी घ्यायची नाही,” भाई म्हणाला. “पण हा चालताना डावा जपून टाकते. खुरात पाह्य काही गेलं का.” मालकाने तिथेच खूर उचलून बघितलं. काही गेलं नव्हतं. भाई जरा खट्टू झाला. मी पुढचा सगळा उतार त्याला त्यावरून चिडवलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. सपाट रस्त्यावर भाईचा गुडघा काही बोलत नव्हता. तोंडाने घुंगरं वाजवत तो मजेत येत होता. चढ दिसायला लागला की मात्र मागून आवाज यायचा, “थांब भाऊ, गुडघा.” चढ लागल्यावर नाही, चढाच्या आधी. आणि थांबायचो तिथे नेमकी सावली असायची, किंवा बसायला पूल. मग तो म्हणायचा, “हा पायी चढू. घाई कायची हाय?” मी कुरकुर करत उतरायचो. खरं सांगायचं तर उतरलो नसतो तर त्यातल्या एक-दोन चढांवर माझं काही खरं नव्हतं. ते मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहकर सोडलं. समृद्धीचा रस्ता वरून आडवा जातो, त्याच्या पुलाखाली थोडं थांबलो. वर गाड्या सूं सूं जात होत्या, खाली आम्ही शिळे रोडगे खात होतो. पुढे सुलतानपूरच्या अलीकडे एका चढाच्या तोंडाशी भाई पुन्हा थांबला. रस्त्याला लागून एक घर होतं, बाहेर बाज टाकलेली. आम्ही सायकली टेकवतो तोच आतून एक म्हातारी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“आज सोबती आणला वाटते,” ती भाईला म्हणाली. “त्या दिशी एकलेच बसले होते. बाकीचे त भुर्रकन गेले.”

भाई पाणी पिऊ लागला.

म्हातारी मला म्हणाली, “मले इचारे, मावशी, अथून पुढे चढ किती हाय. अन् जवळ दवाखाना कुठी, छातीचा डाक्टर हाय का म्हणे. मी म्हटलं, बापा, तुम्हाले काही होऊन राह्यलं का? त म्हणे, मले नाही.” मग भाईकडे वळून, “सापडला का मंग डाक्टर?”

भाईला ठसका लागला. तो बराच वेळ चालला, जरा जास्तच.

“कोणासाठी विचारलं होतं बे?” मी विचारलं.

“गुडघ्यासाठी.”

“छातीचा डॉक्टर?”

“वरून खाली तपासते ते लोक.”

दुपट्ट्याबाहेर काय वाटेल ते बोलायची मुभा असते.  तो चढ आम्ही पायीच चढलो, सायकली हातात धरून, आणि सगळ्या चढावर मी त्याच्या मागे राहिलो. त्याला वाटलं असेल मी दमलोय. दमलो होतोच.

लोणारला ऊन कलायच्या आधी पोचलो. काठावर सायकली उभ्या केल्या. खाली हिरवट पाणी, भोवती झाडी, आणि तो खारट वास. सगळं होतं तसंच होतं. एका जोडप्याने आम्हाला त्यांचा फोटो काढायला सांगितलं आणि फोटोत आमच्या सायकली येऊ देऊ नका म्हणाले. माझं डोकं तापणार होतं, पण भाईने तो फोटो असा काढला की त्यात दोन्ही सायकली पूर्ण आल्या आणि नवऱ्याचं अर्धं डोकं गेलं.

मग आम्ही कठड्यापाशी बसलो. मी दुपट्टा काढला आणि त्याच्या हातावर टाकला.

“आता सांग,” मी म्हणालो. “त्या दिशी माह्यासाठी रस्ता पाहाले आलता का? असंन त एक बोट धर.”

तो सरोवराकडे बघत होता. हात तसाच होता, गरम, घामेजलेला. बाजारात मी कित्येकदा असा थांबलो आहे, समोरचा आकडा कळायची वाट बघत, पण एवढा वेळ कधी लागला नव्हता. मग त्याने सावकाश हात काढून घेतला.

“पाणी पाह्य, भाऊ,” तो म्हणाला. “एवढं आलो त.”

मी त्याला ओळखतो. एक बोट धरलं असतं तर माझा सगळा राग तिथल्या तिथे मिटला असता आणि तो सुटला असता. पण ते पुरतं खरं नसणार. त्यालाही त्या लोकांबरोबर जोरात सायकल हाणायची हौस असणार, गुडघा शाबूत आहे तोवर एकदा. आणि वाटेत म्हातारीच्या बाजेवर बसून तो माझ्यासाठी चढ मोजत बसला, हेही खरं असणार. दोन्हीला मिळून एक बोट नाही. म्हणून हात काढला. सगळा भाव मिळत असताना दुपट्ट्याखाली खोटं बोलला नाही.

अर्धा राग मी तिथे सोडला. बाकीचा ठेवला आहे. मला सांगून जाता आलं असतं.

येताना सायकली एसटीच्या टपावर टाकल्या. कंडक्टरशी माझं वाजलं ते वेगळं. भाई खिडकीशी बसला आणि मेहकर यायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. तोंड उघडं, दाढीत भरीत लागलेलं. मी खांदा हलवला नाही.

थंडी सरली आणि गुडघा बदलला. आता मी रविवारी टपरीवर न थांबता थेट उंद्रीला जातो. तो ओट्यावर बाजेवर असतो, शेजारी काठी. दारापर्यंत जातो, अंगणाच्या फाटकापर्यंत अजून जात नाही. त्याची सायकल आत भिंतीला टेकलेली आहे, कॅरियरसकट. मी ते जाताना बघून घेतो.

मागच्या रविवारी चहा झाल्यावर त्याने स्वतःच दुपट्टा टाकला आणि एक बोट धरलं. पाझर तलाव. मी दोन बोटं धरली. त्याने एक. मी दोन. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नसतं, पण ते त्याला आता पहिल्यासारखं जमत नाही.

“डॉक्टर नाही म्हणते,” तो म्हणाला.

“डॉक्टरले काय समजते सौद्यातलं.”

घरातून भाभीने विचारलं, एवढा वेळ कायचा सौदा चालू आहे. आम्ही सांगितलं नाही. मी दोन बोटं धरून बसलो होतो, तो एकावर अडून बसला होता, आणि हात त्याने काढला नव्हता.